चालणे आणि बरोबर असणे : संगणकशास्त्राच्या पदवीच्या उत्तरार्धाची प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग पडतात आणि या दोन भागांत विचारले जाणारे मूळ प्रश्नच वेगळे असतात. पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थी प्रोग्रॅमिंगची एखादी भाषा शिकतात, याद्या, रांगा, वृक्ष यांसारख्या विदा-संरचना, म्हणजे माहिती संगणकाच्या स्मृतीत मांडून ठेवण्याच्या पद्धती, हाताळतात, आणि दिलेल्या उदाहरणांवर प्रोग्रॅम अपेक्षित उत्तर देतो हे पाहून समाधान मानतात. त्या टप्प्यावर ते समाधान रास्तही असते. तिसऱ्या वर्षापासून मात्र अल्गोरिदम, गणनसिद्धान्त, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, डेटाबेस, नेटवर्क असे विषय समोर येतात, आणि ‘प्रोग्रॅम चालला का?’ या प्रश्नाची जागा ‘तो बरोबर आहे हे कशावरून?’ हा प्रश्न घेतो. चालणे आणि बरोबर असणे यांतले अंतर ओळखणे, ते मोजणे आणि शक्य तेथे सिद्धतेने मिटवणे हेच या उत्तरार्धाचे सार आहे, असे प्रस्तुत पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

स्वतंत्र विद्याशाखा म्हणून या विषयाचे वय फार नाही. केंब्रिज विद्यापीठाने 1953 मध्ये संख्यात्मक विश्लेषण आणि स्वयंचलित गणन या विषयाची पदविका सुरू केली, अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात 1962 मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला, आणि ‘असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी’ या संघटनेने 1968 मध्ये पदवीसाठी एक आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. भारतात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रचला आणि बांधला गेलेला ‘टिफरॅक’ हा संगणक 1960 मध्ये कार्यान्वित झाला, तर 1963 मध्ये आयआयटी कानपूर येथे आयबीएम 1620 हे यंत्र आले आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संगणकाचे शिक्षण मिळू लागले. ती यंत्रे केव्हाच अडगळीत गेली. पण 1968 च्या त्या आराखड्यात असलेले विविक्त गणित, म्हणजे सुट्या सुट्या मोजता येणाऱ्या वस्तूंचे गणित, तसेच विदा-संरचना, संगणकरचना आणि कंपायलरची बांधणी हे विषय आजच्या अभ्यासक्रमातही ठाण मांडून आहेत. ज्या क्षेत्रात साधने दर काही वर्षांनी बदलतात त्या क्षेत्रात हे विषय अर्धशतकाहून अधिक काळ टिकले, कारण ते कोणत्याही एका यंत्राविषयी नाहीत. गणन या क्रियेच्या स्वरूपाविषयी आहेत.

तरीही महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाकडे पाहण्याची जी दृष्टी रूढ झाली आहे, तिच्यात या विषयांना बहुधा दुय्यम स्थान मिळते. टर्मवर्क पूर्ण करणे, जर्नल लिहिणे, ओरलची ठरावीक उत्तरे पाठ करणे आणि प्लेसमेंटच्या हंगामासाठी चलतीत असलेली एखादी प्रणाली शिकून घेणे यांतच विद्यार्थ्यांची शक्ती खर्च होते, आणि गणनसिद्धान्तासारखा विषय ‘कसाबसा सोडवायचा पेपर’ म्हणून ओळखला जातो. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आहे. नोकरीची निकड खरी आहे, कुटुंबाने शुल्कासाठी काढलेले कर्जही खरे आहे. पण या विषयांचा परस्परांशी आणि रोजच्या प्रोग्रॅमशी असलेला संबंध त्यांना कोणी उलगडून दाखवलेला नसतो, ही उणीव अधिक मोठी आहे. हा संबंध एका लहान उदाहरणावर जवळून पाहणे उपयुक्त ठरेल.

द्विभाजन शोध, ज्याला वर्गात सर्रास बायनरी सर्च म्हणतात, ही क्रमाने लावलेल्या यादीत एखादी नोंद शोधण्याची रीत आहे. यादीची मधली नोंद पाहायची, हवी असलेली नोंद तिच्या आधीची असेल तर उत्तरार्ध सोडून द्यायचा, नंतरची असेल तर पूर्वार्ध सोडून द्यायचा, आणि उरलेल्या भागावर तीच कृती पुन्हा करायची. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी साडेनऊ कोटींहून अधिक मतदार होते. त्या सर्वांची एकच अकारविल्हे यादी केली, तर कोणतेही नाव शोधण्यासाठी जास्तीत जास्त 27 नोंदी पाहाव्या लागतील, कारण 27 वेळा दुप्पट करत गेल्यास संख्या तेरा कोटींच्या पुढे जाते. ही रीत बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी ‘अचल विधान’ नावाची कल्पना वापरतात: आवर्तनाच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला खरे असणारे, आणि म्हणून शेवटीही खरे राहणारे विधान. येथे ते विधान असे की, शोधले जाणारे नाव यादीत असलेच तर ते खालच्या आणि वरच्या सीमेच्या दरम्यानच आहे. प्रत्येक फेरीत सीमा जवळ येतात आणि विधान अबाधित राहते. सीमांमध्ये काहीच उरले नाही की नाव यादीत नाही हे निश्चित होते. टोनी होर यांनी 1969 मध्ये प्रोग्रॅमविषयी अशा पद्धतीने तर्क करण्याचे नियम मांडले, आणि प्रोग्रॅम बरोबर असल्याचे गणिती प्रमेयासारखे सिद्ध करता येते हा विचार अभ्यासक्रमात रुजला.

कथा येथे संपत नाही. जावा या भाषेच्या प्रमाणित संग्रहात द्विभाजन शोधाचा जो प्रोग्रॅम होता, त्यात सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून राहिली आणि 2006 मध्ये तिच्या कर्त्यानेच, जोशुआ ब्लॉक यांनी, ती जाहीर केली. मधले स्थान काढण्यासाठी दोन्ही सीमांची बेरीज करून तिला दोनाने भागले जात होते. कागदावर यात काहीही वावगे नाही. पण त्या भाषेतील साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा 2,14,74,83,647 आहे, आणि यादी शंभर कोटींच्या बरीच पुढे गेली की सीमांची बेरीज ही मर्यादा ओलांडून ऋण होते. मधले स्थान ऋण आले की प्रोग्रॅम कोसळतो. उपाय एका ओळीचा आहे: बेरजेऐवजी सीमांमधल्या अंतराचे निम्मे काढून ते खालच्या सीमेत मिळवायचे. सिद्धता खोटी नव्हती. तिने पूर्णांक अमर्याद आहेत असे गृहीत धरले होते आणि यंत्रातील पूर्णांक मर्यादित होते. म्हणजे अल्गोरिदमचा अभ्यास संगणकरचनेच्या अभ्यासावाचून अपुरा पडतो आणि संगणकरचनेचा अभ्यास सिद्धतेच्या शिस्तीवाचून आंधळा राहतो. पदवीच्या उत्तरार्धातील विषय एकत्र का शिकवले जातात, याचे उत्तर या एका ओळीत सापडते.

बरोबर असण्याच्या प्रश्नाला लागूनच खर्चाचा प्रश्न येतो. येथे खर्च म्हणजे उत्तर मिळेपर्यंत करावी लागणारी कामाची पावले, आणि तो मोजताना पाहायचे ते एवढेच की प्रश्न मोठा होत गेला तर पावले कशी वाढतात. एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरवण्याची शाळेतली रीत म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहणे. या रीतीत संख्येचे दोन अंक वाढले की काम दहापट होते. शंभर अंकी संख्येसाठी एकावर पन्नास शून्ये इतके भागाकार करावे लागतील, आणि सेकंदाला अब्जावधी भागाकार करणाऱ्या यंत्रालाही त्यासाठी विश्वाचे आजवरचे आयुष्य पुरणार नाही. अशा वाढीला घातांकी वाढ म्हणतात. याउलट अंकांची संख्या दुप्पट झाल्यावर काम चौपट, आठपट अशा ठरावीक पटीनेच वाढत असेल, तर त्या रीतीला बहुपदी काळात चालणारी रीत म्हणतात, आणि संगणकशास्त्रात ‘व्यवहार्य’ या शब्दाचा पहिला अर्थ हाच मानला जातो.

मूळ संख्या ओळखण्याची निश्चित उत्तर देणारी आणि बहुपदी काळात चालणारी रीत आहे का, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. जलद रीती उपलब्ध होत्या, परंतु त्या यादृच्छिक निवडीवर आधारलेल्या होत्या आणि चुकीची अत्यल्प का होईना शक्यता बाळगून होत्या. म्हणजे त्या उत्तम चालत होत्या, पण प्रत्येक वेळी बरोबर असतील याची हमी देत नव्हत्या. ऑगस्ट 2002 मध्ये आयआयटी कानपूर येथील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी अशी रीत शोधून तिची सिद्धता दिली. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केले होते आणि या कामाची पायाभरणी त्यांच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात झाली होती. फर्माच्या एका जुन्या प्रमेयाचे बहुपदींसाठी केलेले व्यापकीकरण हा त्या रीतीचा गाभा आहे आणि तिची सिद्धता समजण्यासाठी पदवी पातळीवरील बीजगणित बव्हंशी पुरते. या कार्याला 2006 मध्ये गोडेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात, उदाहरणार्थ गुप्तलेखनासाठी मोठ्या मूळ संख्या निवडताना, आजही जुन्या यादृच्छिक रीतीच वापरतात, कारण त्या अधिक वेगवान आहेत. पण त्यामुळे या सिद्धतेचे मोल उणावत नाही. हमी देता येते की नाही हा प्रश्न त्या दिवशी कायमचा निकालात निघाला, आणि पदवीचा प्रकल्प किती खोल जाऊ शकतो याचा दाखला भारतीय विद्यार्थ्यांपुढे उभा राहिला.

काही प्रश्नांना मात्र कोणतीही रीत नसते, आणि हे निश्चितपणे सांगता येणे ही या शास्त्राची सर्वांत मोठी मिळकत म्हणावी लागेल. ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्ये, म्हणजे आजच्या अर्थाचा संगणक तयार होण्यापूर्वी, एका काल्पनिक यंत्राच्या साहाय्याने गणनाच्या मर्यादा दाखवून दिल्या. त्या युक्तिवादाचे आज शिकवले जाणारे रूप असे आहे. समजा, कोणताही प्रोग्रॅम आणि त्याला द्यायची माहिती पाहून तो प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की अनंत काळ चालत राहील, हे अचूक सांगणारा ‘परीक्षक’ नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याचा उपयोग करून ‘उलटा’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम लिहिता येईल: तो हाती दिलेल्या प्रोग्रॅमविषयी परीक्षकाला विचारतो की, हा प्रोग्रॅम स्वतःचीच संहिता, म्हणजे स्वतःचाच लिहिलेला मजकूर, वाचायला दिली तर थांबेल का, आणि उत्तर ‘थांबेल’ असे आले तर उलटा अनंत काळ फिरत राहतो, ‘थांबणार नाही’ असे आले तर लगेच थांबतो. आता उलट्याला त्याचीच संहिता दिली, तर परीक्षकाने काहीही सांगितले तरी ते खोटे ठरते. म्हणून असा परीक्षक असूच शकत नाही. वहीच्या अर्ध्या पानात मावणारी ही सिद्धता ज्यांना एकदा मनापासून पटते, ते सर्व चुका आपोआप पकडणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीला सहसा भुलत नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा वेळ, स्मृती आणि उपकरणे अनेक प्रोग्रॅमांत वाटून देणारी व्यवस्था, हा विषय बरोबर असण्याच्या प्रश्नाला वेगळे वळण देतो, कारण येथे अनेक कामे एकाच वेळी चालू असतात. गाडीत एकच जागा शिल्लक आहे आणि दादर व नागपूर येथील दोन खिडक्यांवरून तिची मागणी एकाच क्षणी आली, असे समजावे. प्रत्येक खिडकीचा प्रोग्रॅम आधी शिल्लक आकडा वाचतो, मग तो शून्याहून मोठा आहे का हे तपासतो आणि मग एकाने कमी करून लिहितो. दोघांनीही आकडा वाचल्यानंतर दोघांनी लिहिले, तर एकच जागा दोघांना मिळते. एकेकटा तपासला तर दोन्हींपैकी कोणताही प्रोग्रॅम चुकत नाही, आणि हजार वेळा चालवूनही ही वेळ साधली जाईलच असे नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1965 मध्ये अशा परस्परवर्जनाच्या, म्हणजे एका वेळी एकालाच प्रवेश देण्याच्या, प्रश्नाची काटेकोर मांडणी केली. अशा चुकीची किंमत माणसांनी मोजली आहे. ‘थेरॅक-25’ या किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना घातक प्रमाणात मारा केला आणि त्यांतील काही दगावले; त्यामागच्या कारणांपैकी एक असे की, तंत्रज्ञाने पडद्यावरील माहिती झटपट दुरुस्त केली की प्रोग्रॅममधील दोन समांतर कामांचा मेळ सुटत असे. आधीच्या नमुन्यात धोका अडवणारी विद्युत-यांत्रिक कुलपे होती. नव्यात ती काढून सारा भरवसा प्रोग्रॅमवर टाकला गेला होता.

कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. शाळेत वाक्यपृथक्करण करताना उद्देश्य, विधेय आणि त्यांचे विस्तार वेगळे करून वाक्याची बांधणी दाखवली जाते. कंपायलरचा पहिला मोठा टप्पा नेमके हेच काम व्याकरणाच्या काटेकोर नियमांनी करतो. जॉन बॅकस यांच्या गटाने 1957 मध्ये फोर्ट्रान या भाषेचा कंपायलर पूर्ण केला, आणि पुढे अल्गोल या भाषेचे व्याकरण लिहिण्यासाठी जी नियमपद्धती वापरली गेली ती बॅकस आणि पीटर नाउर यांच्या नावाने ओळखली जाते. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील सूत्रपद्धतीशी तिचे साम्य लक्षात घेऊन तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना 1967 मध्ये एका अमेरिकी संशोधकाने केली होती. या साम्यावरून पाणिनीला संगणकशास्त्रज्ञ ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. पण मोजक्या नियमांतून अगणित वाक्ये सिद्ध करण्याची कल्पना या भूमीला नवी नाही, एवढा आत्मविश्वास मराठी विद्यार्थ्यांनी त्यातून जरूर घ्यावा.

डेटाबेस आणि नेटवर्क या विषयांत नवे पारिभाषिक शब्द पुष्कळ आहेत, पण मूळ प्रश्न तेच आहेत. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये सारणीरूप डेटाबेसची कल्पना मांडली तिचा पाया संचांचे गणित हा होता, आणि दूरदूरच्या यंत्रांत एकमत घडवताना काय अशक्य आहे हे 1985 मध्ये सिद्ध झाले ते ट्युरिंग यांच्याच परंपरेतील फळ होते. या सर्वांसाठी लागणारी पूर्वतयारी म्हणजे तर्कशास्त्र, गणिती विगमन, संभाव्यता आणि थोडे रेखीय बीजगणित. गणिती विगमन, म्हणजे पहिल्या पायरीसाठी विधान खरे दाखवून, आणि ते एका पायरीसाठी खरे असल्यास पुढच्या पायरीसाठीही खरे ठरते हे दाखवून, सर्व पायऱ्यांसाठी ते सिद्ध करण्याची पद्धत, आणि द्विभाजन शोधातले अचल विधान या वस्तुतः एकाच कल्पनेच्या दोन बाजू आहेत. गणिताचा पेपर सुटला म्हणून जे विद्यार्थी विगमन विसरतात, त्यांना ते तिसऱ्या वर्षी दुसऱ्या नावाने पुन्हा भेटते.

अलीकडे सूचना दिल्याबरोबर प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत, आणि मग हे कठीण विषय शिकायचे कशासाठी, असा प्रश्न पालकही विचारू लागले आहेत. या साधनांमुळे चालणारा प्रोग्रॅम मिळवणे स्वस्त झाले आहे. तो बरोबर आहे हे ठरवण्याचे काम जसेच्या तसे माणसाकडे राहिले आहे, आणि वाचावयाची संहिता वाढल्यामुळे ते अधिकच मोठे झाले आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात याची कसोटी लागते. चौघांच्या गटाने केलेल्या प्रकल्पाचा सोनेरी अक्षरांचा बांधीव अहवाल टेबलावर असतो, पडद्यावर सारे सुरळीत चाललेले असते, आणि बाहेरून आलेले परीक्षक एवढेच विचारतात की माहिती दसपट झाली तर काय होईल, किंवा दोघांनी एकदम बटण दाबले तर काय होईल. ज्यांनी तो प्रोग्रॅम समजून घेतला आहे त्यांनाच या प्रश्नांची उत्तरे देता येतात, मग तो कोणीही लिहिलेला असो.

शेवटी भाषेविषयी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021-22 या शैक्षणिक वर्षापासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास मान्यता दिली. परंतु मान्यता मिळाल्याने विचारांची भाषा तयार होत नाही, ती पुस्तकांनी आणि वर्गातल्या संवादाने घडते. आज मराठी विद्यार्थी व्याख्यान मिश्र भाषेत ऐकतात, पुस्तक इंग्रजीत वाचतात आणि शंका मात्र मैत्रिणीला किंवा मित्राला मराठीत विचारतात. जेथे शंका विचारली जाते तेथेच खरे शिक्षण घडते, हे ध्यानात घेऊन या पुस्तकाने धोरण ठरवले आहे. कंपायलर, प्रोग्रॅम, डेटाबेस असे रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत, कारण ते आता मराठीचेच झाले आहेत. मूळ संख्या, बहुपदी, सिद्धता, विगमन हे गणिती शब्द शाळेपासून परिचित असल्याने तेच वापरले आहेत. आणि नवा शब्द घडवावा लागला तेथे त्याचा अर्थ त्याच वाक्यात दिला आहे. इंग्रजीतील ग्रंथांकडे पाठ फिरवावी असा यामागे हेतू नाही. ते ग्रंथ वाचताना आधाराला घट्ट समज असावी, एवढाच आहे.

वाचकांना विनंती अशी की, या पुस्तकातील प्रत्येक रीत यंत्रावर चालवण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन लहान उदाहरणावर हाताने चालवून पाहावी, ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहे हे समासात लिहून ठेवावे, आणि ती बरोबर का आहे हे शेजारी बसलेल्याला आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत पटवून देता आल्याशिवाय पान उलटू नये.